दोनशे बार

मे संपत आलेला, धंद्याचा शेवटचा आठवडा.
नारू चिंदरकर गोणपाटात गुंडाळून ती घेऊन आला
आणि माझ्या कॉम्प्रेसरशेजारी
पाण्याच्या टाकीला टेकवून उभी केली.
"बंदूक न्हय रे ही, वारो तो. नुसतो वारो.
आवाज येयत नाय."

माझा डावा कान अठरा मीटरवर फुटलेला आहे.
आवाजाबद्दल मला कोणी काही सांगू नये असं नाही,
पण उजवीकडून सांगावं.

त्याला हवा हवी होती.
देवबागेत ती माझ्याकडे मिळते,
पिवळ्या सिलिंडरात, दोनशे बार,
सांगली-इचलकरंजीच्या माणसांना
अर्धा तास माशांत ठेवण्यापुरती.
तेलाचा वास नको, ओल नको, तीनदा गाळलेली,
कारण ती फुप्फुसात जाते.
त्याच हवेची नळी मी बंदुकीच्या पोटाला लावली.
हळू भरावी लागते, नाहीतर तापते.
नळी सोडवली तेव्हा ती सुस्कारली,
आणि व्हॉल्व्हवर, भर मे महिन्यात, दव.

गोळ्या त्यानं घरी ओतलेल्या,
करंगळीच्या पेराएवढी एकेक.
शिसं कुठलं म्हणून विचारलं
तर म्हणाला, "तुझ्याच बापाशीचा."
आमची रापण मोडली तेव्हा
जाळ्याची वजनं किलोवर गेली होती.
कुणाकडे गेली ते मी विचारलं नव्हतं.

पहिला बार आम्ही गंजक्या पिंपावर टाकला.
पिंपाच्या पुढे जुनी पात पालथी पडलेली,
ती आमच्या हिशोबातच नव्हती.
आवाज फटाक्यासारखा नव्हे, टायर फुटल्यासारखा नव्हे.
धूर नाही, दारूचा वास नाही,
इथे काही झालं हे सांगायला
मागे काहीसुद्धा उरलं नाही.
मला तो छातीत ऐकू आला,
जिथे पाण्याखाली होडीचं इंजिन ऐकू येतं, दिशेशिवाय.
कर्लीच्या खाडीवरचे बगळे उठले.
पलीकडे भोगव्यात कुत्रं भुंकलं.
नारू स्वतःच दोन पावलं मागे,
आणि मग हसला, नवं वाहन घेतलेल्या माणसासारखा.

पातीच्या फळीला भोक पडलं होतं. आत बोट घातलं.
गरम.
पलीकडे पिंपाची एक बाजू, पिंपाची दुसरी बाजू,
आणि वाटाण्याएवढा समुद्र.

माकडं पहिल्या दिवशी पळाली.
दुसऱ्या दिवशी लांब जाऊन बसली.
तिसऱ्या दिवसापासून मोजायला लागली.
एका भरणीत चार बार. पाचवा फुसका.
चौथा झाला की ती सावकाश माडांवर परततात,
शहाळं पिरगळतात, एक घोट घेऊन टाकून देतात,
आणि नारू स्कूटर काढून माझ्याकडे.
मी वहीत लिहितो:
चिंदरकर, वारा, दोनशे बार, ऐंशी रुपये, बाकी.

शनिवारी आला तेव्हा घामेजलेला होता.
मी आपलं सहज विचारलं.
एक झावळीत गेला म्हणाला. एक आभाळात.
एक तांडेलांच्या कौलात, त्याचे पैसे द्यावे लागणार.
चौथा?
तो सदऱ्याच्या टोकानं नळीचे आटे पुसत होता.
बराच वेळ पुसत होता.
"भर," म्हणाला.
मी भरली. काटा दोनशेवर आला,
त्याच्या पुढे तो जात नाही.

रविवारी सीझनची शेवटची फेरी.
मिरजेची एक मुलगी, पहिल्यांदाच पाण्यात,
होडीच्या कडेला धरून, गळ्याएवढ्या पाण्यात.
तिला तोंडात नळी धरायला शिकवत होतो.
एकच नियम, मी सगळ्यांना सांगतो:
काही झालं तरी श्वास रोखायचा नाही.
घे. सोड. घे. सोड.
तिनं तोंड पाण्यात घातलं,
बुडबुडे माझ्या हातावर येऊन फुटले.
तेवढ्यात माडांकडून, उजव्या कानावर,
एक.

ती दचकून वर आली. मी म्हटलं, काही नाही, वारा.
दोन.
तिनं पुन्हा तोंड बुडवलं, शहाण्यासारखी,
घे, सोड.
तीन.

मी तिचा हात धरून उभा होतो,
नियम माझाच,
आणि चौथा येईपर्यंत
मी श्वास घेतला नाही.